तार आपोआप आखूड होत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

आशीर्वाद लिहावा की नको, यात माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी अर्धाच लिहायचं ठरवलं. तर हा अर्धा आशीर्वाद. उरलेला अर्धा माझा राग उतरला की पाठवीन.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाहीये. तुझे भावोजी म्हणाले म्हणून लिहितेय. म्हणाले म्हणजे पाटीवर लिहिलं, "रेडिओ बिघडला. धाकटीला विचार. मला सुचत नाही." गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच, हे तुला वेगळं सांगायला नको. त्यांचं सगळं तुला माझ्याआधी कळतं. फोन करणार नाही. फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझं म्हणणं राहून जातं. पत्रात तुला मला तोडता येत नाही.

तर बिघाड असा. गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून सकाळी सात वाजता तू तुझ्या रेडिओवरून हाका मारतेस त्या इथे ऐकू येतात. ती तुमची मोर्सची टकटक काय म्हणते ते मला कळत नाही, पण तूच आहेस एवढं कळतं, कारण हे खुर्चीत सरळ बसतात. हे उत्तर देतात, पण ते तुझ्यापर्यंत पोचत नसावं, कारण तू परत तीच हाक मारतेस. ह्यांनी बटण दाबलं की रेडिओवरचा काटा भसकन वर जातो. पूर्वी सव्वावर असायचा, आता पाचावर. ह्यांचं म्हणणं, रेडिओतून निघालेली ताकद गच्चीवरून मागच्या झाडापर्यंत ताणलेल्या तारेतून बाहेर पडत नाही, उंबऱ्यावरून माघारी येते. मग रेडिओ भितो आणि स्वतःच आवाज बारीक करून घेतो. मॅचिंग बिघडलंय म्हणे. मला मॅचिंग म्हणजे अस्तराचं ठाऊक.

कशाने झालं असेल म्हणशील, तर वारा सुटला होता दोन दिवस. कावळेही फार झालेत. तू तिकडे तशीच बसून राहतेस याचं मला वाईट वाटतं. तेवढंही वाटत नाही खरं तर. हे वाक्य मी खोडणार होते, पण पान घाण दिसतं.

उपाय कळव. सोप्या भाषेत लिही. मी चौथीपर्यंतच शिकले, का ते तुला माहीत आहे.

ताई

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

तुझं पत्र आलं. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच आहे, तार ऑफिसातलं, एकेक अक्षर सुटं. माझं एकमेकांच्या अंगावर पडतं.

तू लिहिलंस तसं सगळं मीच केलं. ह्यांना गळ्याच्या भोकातून श्वास घ्यावा लागतो, धूळ चालत नाही, म्हणून हे खुर्चीत बसून काठीने दाखवतात आणि मी टेबलाखाली. या वयात टेबलाखाली जाणं सोपं, निघणं कठीण. तिथे मला हरवलेलं अंगुस्तानही सापडलं, ते वेगळंच.

आधी केबलचा प्लग काढला. आत हिरवट झालं होतं. मला वाटलं, सापडलं! घासून लख्ख केलं, परत बसवलं. काटा पाचावर. मग केबल बोटांनी चाचपत भिंतीपासून गच्चीपर्यंत गेले, कुठे चिरली का, पाणी शिरलं का. तशी बोटं आहेत माझी, कापडात एक धागा ओढलेला असला तरी न बघता सांगते. केबल ठणठणीत. मग तू म्हणालीस तो डबा शोधला, ज्याला तू खोटी तार म्हणतेस. तार काढून तो जोडला आणि काय सांगू, काटा झपकन खाली, एकावर! मी टाळ्या वाजवल्या. हे बघतच राहिले. म्हटलं, "अहो, रेडिओ चांगला आहे, केबल चांगली आहे, म्हणजे जे काही आहे ते वर तारेत आहे!" आणि हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले.

ह्यांनी पाटीवर लिहिलं, "शाबास." पुढे काहीतरी लिहीत होते, पण गिऱ्हाइकाचं ब्लाउज मशीनवर होतं, मी उठले.

तार खालून ठीकच दिसते बरं का. मागच्या झाडाकडे बघायची काही गरज नाही, मी बघून आले.

तुला एक विचारू? एवढं रोज रोज काय बोलता तुम्ही? मला पाटीवर काय मिळतं सांगू? "चहा." "गोळी." "पंखा." परवा "मीठ कमी" आलं, तर मला सणाचा दिवस वाटला. आणि तुझ्याशी अर्धा अर्धा तास कडकट्ट कडकट्ट. बायको मी की तू, असं एखाद्याला वाटायचं. मला नाही वाटत. एखाद्याला.

ताई

२४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

आज मी फार खुशीत आहे. नातीला फोनवर सांगितलं की मी रेडिओची परीक्षा घेतली, तर ती म्हणाली, "आजी, तू फक्त शिलाई कर हं." ह्यांची नात शोभते.

तू सांगितलंस तसं केलं. रेडिओवर तुम्ही बोलता त्या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला चकती फिरवायची, काटा वाचायचा. मग मधे. मग वरच्या टोकाला. ह्यांनी बटण दाबलं, मी वाचलं आणि कापडाच्या मापाच्या वहीत लिहिलं, एका बाजूला कुणाची तरी छाती छत्तीस आणि दुसऱ्या बाजूला हे:

खाली, पाच. मधे, चार. वर, तीन.

म्हणजे वर जावं तसा काटा उतरतो. ह्याचा अर्थ काय ते तू पुढच्या पत्रात सांगीन म्हणालीस. आत्ताच का नाही सांगितलंस? लहानपणीही तू असंच करायचीस, कोडं घालायचीस आणि उत्तर सांगायच्या आधी खेळायला पळायचीस. मी तुला कडेवर घेऊन दारात उभी, बाकीच्या मुली शाळेत. कडेवर तूच होतीस, म्हणून माझी शाळा सुटली. नंतर तू शिकलीस, तार ऑफिसात लागलीस, टकटक शिकलीस. आणि मी ज्यांच्याशी लग्न केलं ते लिफ्ट दुरुस्त करणारे, त्यांनाही नेमकी तीच टकटक आवडावी! घरात येणाऱ्या मेव्हणीशी लोक हवापाण्याचं बोलतात. हे तारेवर बोलले.

तेव्हा मला काही वाटलं नाही, कारण तेव्हा ह्यांना आवाज होता. टकटक तुझी होती, आवाज माझा होता. वाटणी बरोबर होती.

ऑपरेशननंतर तू मदतीला आलीस. जेवणाच्या टेबलावर तू चमचा वाटीवर वाजवलास, ह्यांनी ताटाच्या कडेवर वाजवला, आणि दोघं हसलात. तू खिदळलीस आणि ह्यांचे खांदे हलले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हलले. मी पोळी वाढायला उभी होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी तुला म्हटलं, "उद्या सकाळची गाडी पकड." का म्हटलं ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आता सांगितलं.

आकडे काय म्हणतात ते लवकर कळव. आकड्यांना काय कळणार म्हणा.

ताई

७ मार्च, शनिवार

धाकटे,

तुझं पत्र एवढंसं. मी उलटून बघितलं, मागे काही आहे का. दोन ओळी. आता मला पाठ झाल्यात. "ताई, वर जाताना काटा उतरतो, म्हणजे तार आखूड आहे. तार गंजते, तुटते, वयाने ओघळून लांबतेसुद्धा, पण आपोआप आखूड होत नाही. माझ्या गणिताने साधारण दोन हात."

दोन हात आणि चार बोटं. चार बोटं चुकलीस.

इतक्या लांबून, माझ्याच हाताने वाचलेल्या तीन आकड्यांवरून तू मला पकडलंस! आधी मी मशीनवर जाऊन बसले आणि पाय नुसताच चालवला, दोरा न ओवता. मग मला हसू आलं. म्हटलं, ही बया! मीच प्लग घासला, मीच केबल चाचपली, मीच टाळ्या वाजवल्या, स्वतःला पकडून द्यायला केवढी राबले मी.

तर ऐक. जानेवारीतला शेवटचा रविवार. सकाळी तू काहीतरी टकटक केलंस आणि ह्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी विचारलं, "काय म्हणाली?" ह्यांनी पाटी घेतली. मी हातातली बाही खाली ठेवून उभी राहिले, वाट बघत. पाटीवर आलं, "काही नाही."

दुपारी ह्यांना मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला. मी मागच्या झाडाची दोरी सोडली, तार खाली घेतली आणि शेवटापासून दोन हात चार बोटं तोडली. कापडाची कात्री नाही लावली हो, तेवढी अक्कल शिल्लक होती, पक्कड घेतली. टोकाचा चिनीमातीचा मणी परत बांधला, दोरी ओढली, तार वर. वरून कुणाला कळेल? मला वाटलं, रेडिओ आपला बंद पडेल, झालं. मला काय ठाऊक, रेडिओचंही माप असतं आणि माप चुकलं की तो बोंबलतो.

दुसऱ्या दिवशी सातला तू हाक मारलीस. परत मारलीस. ह्यांनी उत्तर दिलं, तुला गेलं नाही. हे परत देत राहिले. मी स्वयंपाकघरात उभी. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. पहिले दोन दिवस वाटलंही, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी हे सातला खुर्चीत बसून नुसती बोटं मांडीवर वाजवत होते.

तुकडा माझ्या बटणांच्या डब्यात आहे, वेटोळं करून.

आता तू सांग, ह्यांना कसं सांगू? ज्या माणसाचा आवाज गेला त्याची तार कापली मी. कापलेलं कापड लांबत नाही हे मी पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना सांगते. तारेचं तरी काही करता येतं का?

आज आशीर्वाद लिहीत नाही. आज मला द्यायचा हक्क नाही.

ताई

१९ मार्च, गुरुवार

धाकटे,

झालं! काटा सव्वावर! पण क्रमाने सांगते, नाहीतर माझी मजा जाईल.

तू लिहिलंस, "भावोजींना सांग, तारेला सांग, तिसरा उपाय नाही. तुकडा जोडताना थोडी माया जास्त ठेव, आणि जास्तीची कापू नकोस, दुमडून बघ." हे मला शिकवतेस? गिऱ्हाइकाची बाही मी कधी पहिल्या फेरीत कापली नाही. तारेलाच तेवढी दया दाखवली नाही.

मागच्या दाराशी ह्यांची खुर्ची ठेवली. दोरी सोडली, तार खाली घेतली. बटणांच्या डब्यातून वेटोळं काढलं, ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "मी कापली." एका दमात म्हटलं. डोळे मिटून.

डोळे उघडले तर पाटीवर होतं, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"कसं?"

ह्यांनी काठीने तारेचं टोक दाखवलं. अगं, मी तोडलेल्या टोकाला लाल दोरा गुंडाळला होता! टोक उसवू नये म्हणून. सवयीने, बारीक, एकाला एक लागून, वर गाठ मारून. ह्यांनी खिडकीतून दुर्बिणीने बघितला होता. तारेला लाल दोरा कोण गुंडाळेल या जगात? कावळा?

मग मी चिडले. म्हटलं, "महिनाभर मला टेबलाखाली लोळवलंत! प्लग घासून घेतलात! आणि म्हणे, सुचत नाही!"

हे लिहायला लागले. मी उठले, मशीनवर काम होतं. तर ह्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. आणि दुसऱ्या हाताने हळूहळू लिहीत राहिले, पाटी भरली, फडक्याने पुसली, परत भरली. मी उभीच. मग बसले. मी सगळं वाचलं ते असं, "तू मला पूर्ण लिहू देत नाहीस. दोन शब्द वाचून उत्तर देतेस आणि उठतेस. म्हणून मी दोनच लिहितो. धाकटीला मधे तोडता येत नाही. मी थांबलो की मग तिची पाळी. तुम्ही दोघी चार वर्षं बोलला नाहीत. मी सांगून ऐकलं नसतंत. तार तूच कापलीस, म्हटलं, तिचाच उपयोग करू."

मला माझंच पत्र आठवलं. पहिल्या पत्रात तुला काय लिहिलं होतं मी? की तू मधेच बोलतेस!

मग विचारलं, "त्या रविवारी काय हसलात ते सांगा. पूर्ण सांगा, मी बसते." ह्यांनी लिहिलं, की मी तुला तरुणपणी शिवून दिलेलं हिरवं ब्लाउज तू ट्रंकेतून काढलंस आणि ते कोपरापर्यंत जाऊन अडकलं, ना वर ना खाली, आणि शेजारणीला बोलावून काढावं लागलं. एवढंच? एवढ्यासाठी मी तार कापली? ब्लाउज माझं, फजिती तुझी, आणि मलाच वगळलंत! आधी सांगितलं असतं तर मीही हसले असते. नसते हसले. पण सांगायला हवं होतं.

मग कामाला लागलो. जोड चार बोटं एकावर एक ठेवून पिळला, ह्यांनी डाग दिला. कथील पडलं ते नेमकं जागेवर. टोकाला जुन्या तारेचा एक तुकडा जोडून वीतभर माया ठेवली. तार वर, काटा बघ, तार खाली, दोन बोटं दुमड, परत वर. पहिल्यांदा दोन. मग पावणेदोन. मग दीड. पाचव्या फेरीला सव्वा. प्रत्येक वेळी मी झाडापासून खोलीपर्यंत पळत आले, या गुडघ्यांनी. दुमड नीट बसली तेव्हा टोकाला परत लाल दोरा गुंडाळला. आता उघड उघड.

दुसऱ्या दिवशी सातला तुम्ही पाऊण तास बोललात. मी घड्याळ बघत नव्हते. पाऊण तास आणि तीन मिनिटं.

मत्सर काही गेला नाहीये, हे सांगून ठेवते. तार जोडली म्हणजे मन जोडलं, असं मशीनवर होतं, माणसात नाही. तू टकटक शिकलीस आणि मी नाही, हे अजून खुपतं. तेव्हा आता मलाच शिकव. पत्रातून. रेडिओवरून नको, तिथे हे ऐकतील.

ताई

२६ एप्रिल, रविवार

धाकटे,

आखूड टिंबाला आखूड टाका आणि लांब रेघेला लांब टाका, ही युक्ती तुझी नाही, माझी. तुझा कागद मला पाठ होईना. इंग्रजी अक्षरं मला येतात कोणती? मापाच्या चिठ्ठ्यांवरची तेवढी. मग मी एक जुना पडदा घेतला आणि त्यावर एकेक अक्षर धावदोऱ्याने घातलं. बोटांना लगेच कळलं. डोकं माझं कच्चं आहे, बोटं नाहीत. पडदा खिडकीला लावलाय. कामवाली म्हणाली, "आजी, टाके वाकडेतिकडे झालेत, नजर गेली का?" म्हटलं, वाच बघू! बिचारी घाबरून गेली.

ह्यांना काही सांगितलं नव्हतं. आज सकाळी तुमचं बोलणं संपलं, हे टेबलाशी येऊन बसले. पाटी रेडिओजवळ राहिली. मी आणायला उठणार, तेवढ्यात ह्यांनी सवयीने चमचा घेतला आणि वाटीवर वाजवला. माझ्यासाठी नाही, असंच, स्वतःशी.

टाक टिक टाक टिक. टिक टिक टिक टिक. टिक टाक.

मी बसून राहिले. संपेपर्यंत बसले. बोटांनी मांडीवर टाके घातले, एकेक. तीन अक्षरं, सी, एच, ए. आणि कळलं! धाकटे, चार वर्षं मी ज्या कटकटीवर जळले, जिच्यासाठी बहीण घालवली, तार कापली, त्या कटकटीतला मला कळलेला पहिला शब्द कोणता? चहा!

मी इतकी हसले की ह्यांना वाटलं मला काही झालं. मी उठले, आधण ठेवलं, कप आणून ह्यांच्यासमोर ठेवला. ह्यांनी कपाकडे बघितलं, रिकाम्या हाताकडे बघितलं, पाटी कुठे आहे ते बघितलं. मग खिडकीच्या पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, ओळ न् ओळ. माझा एक टाका चुकलाय, त्याच्यावर बोट ठेवलं.

मग चमचा परत घेतला. या वेळी हळू. एकेक अक्षर सुटं, मधे थांबून, मी पोचेपर्यंत वाट बघत. लांब होतं. चहा निवला. मी मधे एकदाही उठले नाही. मशीनवर शेजारणीचं ब्लाउज एका बाहीचं पडून होतं, पडू दे.

मे महिन्यात तू ये. चमचे लपवणार नाही, उलट तीन काढून ठेवीन. हिरवं ब्लाउज आण, बाजूने उसवून देते, दोन बोटं माया ठेवली होती मी आत, मला आठवतंय. आणि सकाळचे सात तुझेच राहू देत, मी मोजणार नाही. मोजेन, पण बोलणार नाही.

ह्यांनी दुसऱ्या वेळी काय वाजवलं, ते विचारू नकोस. ह्यांनाही रेडिओवर विचारू नकोस. सगळं तुला माझ्याआधी कळत आलंय. हे तुला कळणार नाही.

हा बाकीचा अर्धा आशीर्वाद. आता पूर्ण झाला.

तुझी ताई